धुण्याचं पाणी आणि गारव्याचं पाणी : पॅकहाउसच्या नोंदी, मार्च ते जून

4 मार्च

आजपासून वहीत रोज लिहायचं ठरवलंय. शेतकऱ्यांचा गट आमचा जुन्नर तालुक्यातला, माल म्हणजे पालक, कोथिंबीर आणि गाजर, पॅकहाउस म्हणजे माल धुऊन, गार करून भरायचं पत्र्याचं शेड, दोन सिमेंटचे हौद, एक धुण्याचा आणि एक बर्फाचा. गेल्या महिन्यात पुण्याच्या खरेदीदाराने पालकाचे नऊ क्रेट परत पाठवले, वरून हिरवागार आणि खाली पानं बुळबुळीत, हात घातला की वास. गाडीभाडं आमचंच गेलं पण मला जास्त लागलं ते हे की शेतकऱ्याने पहाटे चारला उठून काढलेला माल होता आणि तो आमच्या शेडमध्ये येऊन बिघडला, शेतात नाही.

आज फक्त बघितलं आणि मोजलं. सकाळी सहाला हौद भरला तेव्हा तळ दिसत होता, साडेनऊला त्याच पाण्यात चाळीसावा क्रेट बुडत होता आणि पाण्याचा रंग चहासारखा. धुण्यावरच्या मावशी मध्येच हायपोच्या, म्हणजे जंतू मारायच्या क्लोरीनच्या द्रावणाच्या, कॅनचं झाकण भरून ओततात, किती ते अंदाजपंचे दाहोदरसे. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी कधी माप दिलंच नाही. दुसरं म्हणजे दहा वाजता आलेल्या कोथिंबिरीच्या जुडीत मधोमध थर्मामीटरचा प्रोब खुपसला तर 31 डिग्री. बाहेर सावलीत 29 होतं. म्हणजे जुडी आतून स्वतःच तापत होती, भाजी काढल्यावरही श्वास घेते आणि गच्च बांधली की ती ऊब आतच कोंडते.

6 मार्च

पाणी तपासायच्या एचटूएसच्या बाटल्या आणल्या, ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात त्याच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, सावलीत ठेवून द्यायचं, विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. तीन बाटल्या भरल्या, एक बोअरची, एक धुण्याच्या हौदाची आणि एक बर्फाच्या हौदाची. हौदाच्या दोन नमुन्यांत आधी क्लोरीन संपवणाऱ्या थायोसल्फेटचे दोन खडे टाकले कारण पाण्यात क्लोरीन उरला असेल तर तो बाटलीतच जंतू मारत राहतो आणि रिझल्ट खोटा चांगला येतो.

मावशी म्हणाल्या बर्फाच्या हौदाची कशाला भरतेस, ते तर सगळ्यात स्वच्छ. मलाही तसंच वाटत होतं.

7 मार्च

बोअरची बाटली होती तशीच. धुण्याच्या हौदाची दुपारपर्यंत काळपट. बर्फाच्या हौदाची सकाळी आठलाच डांबरासारखी काळी, उजेडापुढे धरली तरी आरपार काही दिसेना. मावशींनी बाटली हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितली, काही बोलल्या नाहीत, आणि मग विचारलं की आपण हेच पाणी शेवटी मारून माल भरतो ना.

हो, हेच. बर्फाचं पाणी महाग म्हणून ते दोन दोन दिवस बदलायचं नाही अशी आमची रीत होती. गार पाण्यात जंतूंची वाढ मंदावते पण ते मरत नाहीत आणि प्रत्येक क्रेट त्यात थोडी माती, थोडं शेण, तुटलेल्या देठांचा थोडा रस सोडून जातो. एका शेतकऱ्याच्या एका जुडीला ओल्या शेणखताचा हात लागला असेल तर त्या हौदातून ते तेवीस शेतकऱ्यांच्या मालाला लागतं. पाण्यात औषध घालायचं ते यासाठी. पानावर घट्ट चिकटलेलं काही क्लोरीनने पूर्ण जात नाही हे मी वाचलं होतं, पण पाण्यात सुटलेलं दुसऱ्या पानावर जाऊन बसायच्या आत मारायचं, एवढंच धुण्याच्या पाण्याचं काम आहे आणि तेवढं तरी झालंच पाहिजे.

8 मार्च

बर्फाची गाडी आली तेव्हा मुद्दाम लादी उन्हात ठेवून बघितली. फिकट निळी. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे, म्हणजे तो बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असं नाही, तो नुसता बाहेरून वस्तू गार ठेवायला. आम्ही तो थेट हौदात टाकत होतो आणि त्यात पालक बुडवत होतो. गाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला ताई निळा स्वस्त पडतो म्हणून तुमच्याकडे तोच येतो, पांढरा सांगितला असता तर पांढरा आणला असता. वर्षभर कुणी विचारलं नाही. बर्फाचा हौद आजपासून बंद, पर्याय मिळेपर्यंत माल पहाटे काढून सावलीत पसरायचा आणि आठच्या आत गाडी सोडायची.

11 मार्च

हायपोचं माप. हिशेब सोपा आहे, 1000 लिटर पाण्यात 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) पाहिजे म्हणजे 100 ग्रॅम क्लोरीन, आणि 10 टक्क्यांचं हायपो असेल तर एका लिटरमध्ये 100 ग्रॅम असतो, म्हणजे हौदाला एक लिटर. पण आमचा कॅन खरंच 10 टक्क्यांचा आहे का हा प्रश्न. तो पत्र्याला टेकून उन्हात पडलेला होता, कधी आणला ते कुणाला आठवेना. घरगुती उपाय केला, एक लिटर बोअरच्या पाण्यात सिरिंजने 1 मिली हायपो घातलं, 10 टक्के असतं तर 100 पीपीएम दिसायला हवं होतं, क्लोरीन मोजायची रंगाची पट्टी 50 च्या आसपास थांबली. अर्धा जोर उन्हाने खाल्ला. हायपो ऊन आणि उष्णता दोन्हीने मरतं, आपण झाकण मोजत बसतो आणि कॅनमध्ये निम्मं पाणीच.

नवा कॅन आणला, त्यावर खडूने तारीख टाकली, शेडच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवला. झाकणाऐवजी एक लिटरचा मापाचा मग दोरीने बांधून टाकला.

12 मार्च

आज मोठी चूक होता होता राहिली, माझ्याच हातून. काल पट्ट्या संपल्या म्हणून पिण्याच्या पाण्याचं किट वापरलं, गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं ते. हौदात एक लिटर हायपो घालून तपासलं तर क्षणभर गुलाबी झाक आली आणि लगेच पाणी पांढरं. मी म्हटलं क्लोरीन नाहीच, अजून एक लिटर घाला. घातलं, परत पांढरं. तिसरा मग हातात होता तेवढ्यात मावशी म्हणाल्या डोळे चुरचुरतायत आणि माझा घसाही खवखवायला लागला होता.

झालं असं की ते किट 5 पीपीएमपर्यंतचं, त्याच्या कितीतरी पुढे क्लोरीन गेला की तो रंगच धुऊन टाकतो आणि भरपूर क्लोरीनचं पाणी अगदी शून्यासारखं दिसतं. मग डोकं लावलं, हौदातलं 10 मिली पाणी घेऊन बोअरच्या पाण्याने एक लिटर केलं आणि त्यात गोळी टाकली, छान गुलाबी आलं, दोनच्या खुणेला, म्हणजे हौदात 200. अख्खा हौद ओतून द्यायची वेळ आली नाही, निम्मं काढून ताजं पाणी भरलं आणि 100 वर आणलं. इतर कुणाच्या शेडवर हे किट असेल तर शंभरपट पातळ करून बघायची सवय लावा, नाहीतर पांढऱ्या पाण्यावर विसंबून माणसाचे डोळे जातील.

मावशींना रबरी हातमोजे आणि चष्मे आजच आणले. हे आधी आणायला हवं होतं.

15 मार्च

पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट. आमच्या बोअरचं पाणी 8.2, खडकाळ भागातलं जड पाणी, आणि हायपो घातलं की अजून वर, साडेआठच्या पुढे. तिथे क्लोरीन असून नसल्यासारखा. पट्टीवर 100 दिसतो पण त्यातला जो खरा मारणारा भाग आहे तो साडेआठ पीएचला दहावा हिस्सा उरतो, साडेसातला निम्मा, साडेसहाला नव्वद टक्के. म्हणजे वर्षभर हौदात टाकलेल्या हायपोतला बहुतेक फुकट. लिंबूसत्त्व आणलं, किराणा दुकानात मिळतं तेच, पाण्यात विरघळवून हळूहळू घालत गेले, 1000 लिटरला 160-170 ग्रॅम लागलं तेव्हा 6.8 आला.

इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिली : सत्त्व आणि हायपो कधीच एका भांड्यात एकत्र करायचं नाही, आधी एक पूर्ण पाण्यात मिसळू द्यायचं मग दुसरं, आणि पीएच 6 च्या खाली न्यायचा नाही. खाली गेला की क्लोरीनचा वायू सुटतो. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड तर शेडमध्ये आणायचंच नाही.

17 मार्च

दर अर्ध्या तासाला मोजायला लागलो. सहाला 100, साडेसहाला 70, सातला 30. मातीच खातेय सगळा. गाजरासाठी आता ड्रममध्ये साध्या पाण्याचा फवारा मारून माती उतरवायची आणि मगच औषधाच्या हौदात, एक मिनिट, आणि शेवटी बोअरच्या साध्या पाण्याने धुवायचं. नुसत्या या एका बदलाने आठ वाजताही 75 टिकून होतं. पालकाच्या जुड्यांची मुळं शेतातच झटकून आणायला सगळ्यांना सांगितलं, दोघांनी ऐकलं.

20 मार्च

गारव्याचा हिशेब. 200 किलो गाजर 27 डिग्रीवरून 7 वर आणायचं तर साधारण 15,600 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेवढी उष्णता 1000 लिटर पाण्यात सोडली तर पाणी पावणेचार डिग्रीने चढतं. म्हणजे रात्री 1000 लिटर पाणी 2 डिग्रीला आणून ठेवलं तर सकाळी वीज नसली तरी 200 किलोचा एक घाणा आरामात निघतो, ओढून ताणून 250 किलो. आमची थ्री फेज ही शेतीची, आठ तास, कधी दिवसाची कधी रात्रीची, त्यामुळे गारवा रात्री साठवून सकाळी वापरता आला पाहिजे ही पहिली अट.

गटातल्या अण्णांनी सुचवलं, गावातला दूध संकलनाचा जुना 1000 लिटरचा बल्क कूलर विकायला आहे. दूध 35 वरून 4 वर आणायलाच तो बनवलेला, निम्मा भरला तर तीन तासांत आणतो म्हणजे साधारण पावणेदोन टनाचा, स्टीलचा, भोवती जाड इन्सुलेशन, आत ढवळायचा पंखा. पाण्यासाठी याहून बरं काय मिळणार.

3 एप्रिल

कूलर आला. गॅस भरून घेतला, आतून आधी डिटर्जंटने घासला, धुतला, मग 200 पीपीएमने फवारला. ही ओळ मावशींना तोंडपाठ करून घेतली, आधी घासायचं, मग धुवायचं, मग औषध, कारण चिकट थरावर औषध मारलं तर औषध थरातच संपतं.

आणि आजचा आनंद म्हणजे गाजराच्या पोटात प्रोब घालून बघितलं. पाणी 3 डिग्रीचं, गाजर 27 चं. चार मिनिटांनी 15, आठ मिनिटांनी 9, बारा मिनिटांनी 6. दर चार मिनिटांनी पाणी आणि गाजर यांच्यातला फरक बरोबर निम्मा होत होता. मावशी शेजारी उभ्या राहून आकडा मोठ्याने वाचत होत्या, नऊ, आठ, सात. नुसत्या कोल्ड रूममध्ये ठेवलेल्या क्रेटला इतकं उतरायला दुसरा दिवस उजाडला होता, फेब्रुवारीत मोजून बघितलंय.

9 एप्रिल

ढवळायचा पंखा रात्री ट्रिप झाला, कॉम्प्रेसर चालूच. सकाळी वरचं पाणी 9 डिग्री आणि तळाला हातभर रुंद बर्फाची चादर. पाणी फिरलं नाही की गारवा तळालाच गोठत जातो. फिटरकडून असं करून घेतलं की पंखा बंद तर कॉम्प्रेसर बंद.

28 एप्रिल

कूलरच्या आत पाण्याच्या रेषेवर आणि वेल्डिंगच्या कडेला तपकिरी ठिपके, नखाने खरवडले तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. 100 पीपीएमचं पाणी आम्ही सरळ यातच फिरवत होतो आणि कूलरच्या 304 प्रतीच्या स्टीलला रात्रंदिवस क्लोरीन सोसत नाही. ते खड्डे म्हणजे जंतूंची बिळं, ब्रश पोचत नाही. मला फार वाईट वाटलं कारण कूलर गटाच्या पैशाने घेतलाय आणि हा धोका मी आधी विचारायला हवा होता.

उपाय ठरला तो असा, कूलरमध्ये फक्त स्वच्छ बोअरचं पाणी, ते बाहेर येणारच नाही, ते डेअरीतल्या प्लेट चिलरमधून फिरेल, आणि प्लेटच्या दुसऱ्या बाजूने औषधाचं पाणी प्लास्टिकच्या टाकीतून येऊन गार होऊन फवाऱ्याला जाईल. जुना प्लेट चिलर मिळाला, क्लोरीन जास्त सोसणाऱ्या 316 प्रतीच्या स्टीलचा, पण घेण्याआधी प्रत्येक प्लेट सुटी करून बघितली आणि सगळी रबरं नवी टाकली. दुकानदार म्हणाला एवढं कशाला, चालू आहे की. 2011 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरून 33 माणसं गेली, आणि तपासात जे सापडलं त्यात जमिनीवर साचलेलं पाणी होतं, आधी बटाट्यासाठी वापरलेलं नीट साफ न होणारं जुनं यंत्र होतं, आणि फळ आधी थंड न करता थेट कोल्ड स्टोरेजमध्ये टाकणं होतं. तिन्ही गोष्टी आमच्या शेडमध्ये फेब्रुवारीत जशाच्या तशा होत्या. म्हणून एवढं.

6 मे

प्लेट चिलर सुरू. दोन दिवसांत फवाऱ्याचा जोर कमी झाला, उघडलं तर प्लेटांच्या फटीत गाजराची केसासारखी मुळं आणि बारीक गाळ. टाकीच्या तोंडाला जाळीची बास्केट बसवली. ती बास्केट संध्याकाळी धुवायची राहिली तर सकाळी बोटाला शेंबडासारखा थर लागतो, एका रात्रीत, म्हणून बास्केट काढून उन्हात टाकल्याशिवाय शेडचं कुलूप लावायचं नाही. टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं, महाग वाटलं तरी. सोडलेलं पाणी ओढ्यात नाही, खड्ड्यात, दोन दिवस उन्हात पडलं की क्लोरीन उडून जातो, मग नारळाला.

14 मे

कोल्ड रूमचा नंबर. आतल्या युनिटच्या खालचा पाण्याचा ट्रे आज पहिल्यांदा काढला, दोन वर्षांत कुणी काढला नव्हता. काळपट गुलाबी गाळ, नळी तुंबलेली, आणि ते पाणी थेंब थेंब करत खालच्या पालकाच्या क्रेटवर. परत आलेले नऊ क्रेट याच रांगेतले होते, मी जुने फोटो काढून जागा जुळवली. हौद, बर्फ, ट्रे, सगळ्यांनी मिळून तो पालक घालवला.

लिस्टेरियाला थंडी चालते, फ्रिजच्या तापमानातही तो वाढतो, त्यामुळे गार आहे म्हणजे सुरक्षित आहे हे इथे लागू होत नाही. युनिटच्या फिनांवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, मात्र हायपो मारायचं नाही, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या, मागे एका मेकॅनिकने मारलं होतं तर पांढरी पूड पडून कोपरा खाल्ला गेलाय. तिथे क्वाट नावाचं जंतुनाशक 200 पीपीएम, ट्रे आणि गटाराच्या जाळीलाही तेच, दर सोमवारी. नळी मोकळी करून बाहेर काढली आणि त्या युनिटखाली क्रेट लावायचा नाही म्हणून जमिनीवर लाल पट्टा मारला.

जाता जाता, एका शेतकऱ्याने भेंडी आणि टोमॅटोही गार पाण्यात टाकून द्या म्हणून हट्ट धरला. नाही केलं. भेंडीला 7 च्या खाली डाग पडतात, आणि उन्हातला गरम टोमॅटो गार पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि तो देठाच्या खाचेतून हौदातलं पाणी आत ओढून घेतो, जंतूंसकट. टोमॅटोचं पाणी फळापेक्षा पाचेक डिग्री गरमच पाहिजे.

23 मे

तीन बाटल्या पुन्हा भरल्या, बोअर, औषधाची टाकी आणि फवाऱ्याचं गार पाणी, तेही सकाळी दहाला, धुणं संपताना, सगळ्यात वाईट वेळी. थायोसल्फेट टाकलं.

25 मे

48 तास झाले. तिन्ही तशाच, काळी एकही नाही. मावशींनी मार्चमधली काळी बाटली टाकू दिली नव्हती, खिडकीत ठेवलेली, आज नवी तिच्या शेजारी ठेवली. पालकाच्या देठाजवळ 4 डिग्री, गाडीत भरताना. खरेदीदाराकडून या महिन्यात एकही क्रेट परत नाही.

9 जून

रात्री पाऊस, चांगलाच. सकाळी बोअरचं पाणी गढूळ, पहिल्यांदाच. हौदात एक लिटर हायपो घातलं आणि माल पडायच्या आधीच अर्ध्या तासात 100 चे 35 झाले. दुसरा अर्धा लिटर घातला तरी टिकेना. साठवण टाकीत तुरटी फिरवून ठेवलीय पण ती बसायला संध्याकाळ होईल.

कोथिंबिरीच्या सत्तर जुड्या आणि पालकाचे तीस क्रेट दारात. मी म्हटलं आज धुवायचं नाही. पालक कोरडाच निवडून, खराब पानं काढून, सरळ कोल्ड रूममध्ये पंख्यापुढे ताडपत्री लावून गार करायचा आणि क्रेटवर न धुतलेला म्हणून चिठ्ठी. दोघा शेतकऱ्यांचा आवाज चढला, न धुतलेल्याला दर कमी पडतो हे त्यांचं खरंच आहे. मी उत्तर द्यायच्या आतच मावशींनी खिडकीतली काळी बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

उद्यासाठी : तुरटीनंतर गढूळपणा बघणे, बोअरच्या तोंडाभोवतीचा कट्टा फुटलाय तिथून पाणी उतरतंय का ते खणून बघणे, एचटूएसच्या सहा बाटल्या मागवणे, पट्ट्यांचे दोन डबे.